मृतबिंदूच्या अलीकडे, पलीकडे

(तृतीय वर्ष कला)

आमच्या घरी दोन यंत्रं आहेत. एक आईचं पायाने चालवायचं शिवणयंत्र आणि दुसरे आण्णा. आण्णांना यंत्र म्हटलेलं त्यांना आवडणार नाही, पण पहाटे पाचला सुरू होणारं, चहावर चालणारं आणि रात्री नऊला आपोआप बंद पडणारं जे काही असतं त्याला मला तरी दुसरा शब्द सुचत नाही.

शिवणयंत्राला एक खोड आहे. कधी कधी त्याचं पायडल अशा जागी येऊन थांबतं की कितीही दाबा, चाक हलत म्हणून नाही. आई वैतागत नाही. उजव्या हाताने वरचं चाक बोटभर पुढे लोटते आणि मशीन पुन्हा खडखडायला लागतं. लहानपणी मला वाटायचं, मशीन रुसतं. आण्णांनी एकदा सांगितलं, "रुसत न्हाय गं. डेड सेंटरला येतंय." दांडी आणि चाकाचा आस एका सरळ रेषेत आले की पायाचा सगळा जोर थेट आसावर जातो, चाक फिरवायला काही उरतच नाही. पुस्तकी मराठीत याला मृतबिंदू म्हणतात. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थिनीला असा शब्द सापडल्यावर ती त्याच्यावर चार पानं लिहील, हे उघड आहे. पण माझी गोष्ट त्या शब्दाची नाही, आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेल्या पावसाळ्यात जे घडलं त्याची आहे.

आण्णा 1990 साली मुंबईला गेले आणि टॅक्सीच्या एका गॅरेजात हेल्पर म्हणून लागले. ते दिवस काळ्या-पिवळ्या पद्मिनीचे. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या त्या गाड्यांचं इंजिन आण्णा, त्यांच्याच शब्दांत सांगायचं तर, झोपेत खोलायचे. पुढे टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आली, पद्मिनी कमी होत गेल्या, गॅरेज ओस पडलं आणि 2014 साली आण्णा गावी परतले. हमरस्त्याच्या कडेला शेड टाकली. आता टेम्पो, ट्रॅक्टर, मोटरसायकली, जे येईल ते. 30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईत पद्मिनी टॅक्सी म्हणून उरली नाही, ही बातमी मीच त्यांना वाचून दाखवली होती. ते "हं" म्हणाले आणि पाना शोधायला लागले. वर्तमानपत्र हल्ली मीच वाचून दाखवते, याचा अर्थ मला तेव्हा लागायला हवा होता.

तर गेल्या जूनमध्ये शेजारच्या गावच्या निवृत्त गुरुजींनी आपली जुनी पद्मिनी दुसऱ्या गाडीला दोर बांधून आणली. नातीचं लग्न याच गाडीतून वाजत-गाजत करायचं, असा त्यांचा हट्ट. आण्णांच्या तोंडावर मी इतका आनंद बारावीच्या माझ्या निकालालाही पाहिला नव्हता. (निकालच तसा होता म्हणा. शिवाय मी डिप्लोमा सोडून कला शाखेचा अर्ज भरला होता, आणि त्यावरून आमच्यात जे अबोल्याचं पर्व सुरू झालं ते पुरतं संपलं नव्हतं.)

इंजिन खाली उतरलं. नव्या रिंगा, व्हॉल्व घासून बसवले, नवी टायमिंग चेन आणि तिची दोन्ही चाकं. मूळ सुटे भाग आता कुठले मिळायला? तालुक्याच्या दुकानातून कुणीतरी घडवलेला सेट आणला. पुढची पुली फुटकी होती, ती जुन्या बाजारातून दुसऱ्या कुठल्या तरी इंजिनाची. सगळं जोडलं, किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं खरं, पण कसं? दम्याच्या म्हाताऱ्यासारखं. चढावर तर गाडी अक्षरशः उसासे टाकायची. गुरुजी सज्जन माणूस. "होईल हो ठीक," एवढंच म्हणाले. सज्जन माणसाने असं म्हटलं की शिवीपेक्षा जास्त लागतं. लग्नाला बारा दिवस होते.

आण्णांनी कॉम्प्रेशन पाहिलं. चारही सिलिंडरचं कमी, आणि चारहींचं सारखंच कमी. इथे आण्णांनी जो विचार केला तो आमच्या तर्कशास्त्राच्या तासाला उदाहरण म्हणून देता येईल. रिंग खराब असेल, व्हॉल्व गळत असेल तर तो एखाद्याच सिलिंडरचा रोग. चौघांना एकाच वेळी एकच रोग झाला, तर चौघांत समाईक काय आहे ते शोधायचं. चौघांत समाईक आहे कॅमशाफ्ट.

माझ्यासारख्यांसाठी थोडं सांगायला हवं. कॅमशाफ्ट म्हणजे अंड्याच्या आकाराचे उंचवटे असलेला दांडा. हे उंचवटे वेळच्या वेळी व्हॉल्व उघडतात. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक होतो, म्हणून कॅमच्या चाकाला क्रँकच्या चाकाच्या बरोबर दुप्पट दात असतात. दोन्ही चाकांवर ठिपक्यांसारख्या खुणा असतात. त्या जुळवून चेन चढवली की पिस्टन आणि व्हॉल्व यांचं ताळतंत्र जुळतं. एक दात जरी इकडचा तिकडे झाला तरी व्हॉल्व उशिरा मिटतात, पिस्टन वर यायला लागला तरी दार उघडंच, आणि आत घेतलेली हवा आल्या वाटेने परत जाते. दाब कुठून येणार?

"खुणांवर आता भरवसा न्हाय," आण्णा म्हणाले. "चाक कुणी केलंय ठावं न्हाय, पुली कुठल्या गाडीची ठावं न्हाय. खरा टॉप काढाय पायजे."

टॉप म्हणजे टॉप डेड सेंटर, पिस्टनची सर्वांत वरची जागा. इंजिनाचा सगळा हिशेब तिथून मोजतात. व्हॉल्व टॉपच्या इतके अंश आधी उघडतो, इतके अंश नंतर मिटतो, वगैरे. मला वाटलं, यात काय काढायचंय? हेड उघडंच आहे, पिस्टन डोळ्यांना दिसतोय. वर आला की म्हणायचं, आला. मी तसं म्हटलंही. आण्णांनी फ्लायव्हील हळूहळू फिरवलं आणि म्हणाले, "आला की सांग."

मी सांगितलं. त्यांनी क्रँक आणखी थोडा फिरवला. पिस्टन तिथेच. आणखी थोडा. अजून तिथेच. मग कुठे तो खाली सरकल्यासारखा वाटला. म्हणजे तो वर आला कधी आणि परत फिरला कधी?

त्या रात्री मी गणित मांडून पाहिलं. (गणिताशी माझं बरं नाही, पण त्रिकोणमिती अजून पुसली गेलेली नाही.) पद्मिनीच्या पिस्टनची फेरी 75 मि.मी.ची, म्हणजे क्रँकचा हात 37.5 मि.मी. कनेक्टिंग रॉड त्याच्या साडेतीनपट लांब धरला. क्रँक टॉपपासून एक अंश फिरला तर पिस्टन किती खाली येतो? फक्त 0.007 मि.मी.! माणसाच्या केसाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतका. पाच अंश फिरला तरी 0.2 मि.मी. भरत नाही. आणि तोच क्रँक आडवा असताना एका अंशाला पिस्टन सुमारे 0.65 मि.मी. सरकतो, म्हणजे जवळजवळ नव्वदपट. थोडक्यात, ज्या जागी अचूकपणाची सर्वांत जास्त गरज, नेमक्या त्याच जागी पिस्टन काही म्हणजे काही सांगत नाही. टॉपला जाऊन टॉप सापडत नाही.

मग सापडतो कसा? मुंबईला आण्णांचे एक उस्ताद होते, त्यांनी शिकवलेली युक्ती आण्णांना आठवत होती. टॉपला जायचंच नाही. पिस्टनच्या वाटेत आडकाठी घालायची. एक जाड लोखंडी पट्टी घेऊन ती पहिल्या सिलिंडरच्या तोंडावर आडवी, हेडच्याच बोल्टांच्या जागी आवळायची. पट्टीच्या मधोमध एक बोल्ट, टोक गोल घासलेलं, सहा-एक मि.मी. खाली निघालेला. आता क्रँक सावकाश एका बाजूने फिरवा. पिस्टन वर येऊन बोल्टाला टेकेल आणि थांबेल. तो अंश लिहून घ्या. मग क्रँक उलटा फिरवा. पिस्टन पूर्ण खाली जाऊन दुसऱ्या बाजूने वर येईल आणि पुन्हा त्याच बोल्टाला टेकेल. तोही अंश लिहा. दोन्ही वेळा पिस्टन एकाच उंचीवर थांबला, म्हणजे टॉप त्या दोहोंच्या बरोबर मध्ये. पिस्टन टेकतो त्या जागी तो चांगला वेगात असतो, त्यामुळे टेकला की नाही याबद्दल शंका राहत नाही. हाताला ठक्कन कळतं. हेड जागेवर असेल तर हेच काम जुन्या प्लगच्या आत बोल्ट बसवून करतात, पण तेव्हा व्हॉल्व आडवे येणार नाहीत याची काळजी घ्यावी लागते. आणि दोन्ही प्रकारांत स्टार्टर चुकूनही मारायचा नाही, हे आण्णांनी मला तीनदा सांगितलं.

आता अंश मोजायला चकती हवी. ती माझ्याकडे आली. आईची जर्मनची जुनी थाळी होती, तिचे काठ मी डबेवाल्याकडून कापून घेतले. 30 सें.मी.ची सपाट चकती झाली. कंपासाने त्रिज्या सहा वेळा फिरवली, त्याचे बारा भाग केले, मग कोनमापकाने एकेक अंश. या मापाच्या चकतीच्या कडेला एक अंश म्हणजे 2.6 मि.मी. येतो, चांगला डोळ्यांत भरेल इतका. दोन रात्री मी खिळ्याच्या टोकाने रेघा ओढत होते. आई म्हणाली, एवढा अभ्यास करतीस तर नंबर येईल. थाळी क्रँकच्या पुढच्या बोल्टाखाली आवळली आणि काट्यासाठी ब्लॉकला सायकलचा एक आरा बांधला.

पहिल्या दिवशी फजिती झाली. एका बाजूने टेकलं, आकडा लिहिला. दुसऱ्या बाजूने टेकलं, लिहिला. खात्री करायला पुन्हा पहिल्या बाजूने आलो तर आकडा चार अंशांनी वेगळा. तिसऱ्यांदा आणखी वेगळा. मला वाटलं रेघा चुकल्या. आण्णा बराच वेळ थाळीला हात लावून बसले, मग हसायला लागले. आम्ही क्रँक फिरवत होतो तो थाळी आवळलेल्या बोल्टालाच पाना लावून! सुलट फिरवताना ठीक, उलट फिरवताना बोल्ट जरा सैल व्हायचा आणि थाळी घसरायची. मोजणारा आणि फिरवणारा एकच ठेवला तर असं होतं. मग बोल्टाला हात न लावता मागून फ्लायव्हीलच्या दात्यांत मोठा स्क्रूड्रायव्हर अडकवून फिरवलं.

हे काम आम्ही वाटून घेतलं होतं, कुणी न ठरवता. आण्णा फिरवायचे आणि "टेकला" म्हणायचे, मी वाचायचे. एका बाजूला 26, दुसऱ्या बाजूला 32. म्हणजे आम्ही अंदाजाने लावलेलं शून्य 3 अंशांनी चुकलं होतं. आरा आठ मि.मी. वाकवला. पुन्हा फिरवलं. 29. उलट. 29. पुन्हा एकदा, 29 आणि 29. आण्णांनी पट्टी काढली, काट्यासमोर शून्य आणलं आणि म्हणाले, "ह्यो खरा टॉप." पिस्टनकडे पाहिलं तर तो कालही असाच दिसत होता.

पुढचं काम कॅमचं, आणि गंमत म्हणजे तिथेही तीच युक्ती. उंचवट्याचं शिखरसुद्धा पिस्टनच्या टॉपसारखंच. तिथे व्हॉल्व बराच वेळ जैसे थे असतो. म्हणून शिखर बघायचं नाही. लेथवाल्याकडून डायल आणला, तो पहिल्या इनलेटच्या पुशरॉडवर टेकवला. शिखराच्या आधी काटा अर्धा मि.मी. कमी असतो तो अंश, आणि शिखरानंतर पुन्हा तेवढाच उतरतो तो अंश, यांचा मध्य काढायचा. इथे मात्र उलट फिरवायचं नाही. इंजिन चालतं त्याच दिशेने फिरवायचं, नाहीतर चेनचा ढिलेपणा आकड्यात मिसळतो. आमचे आकडे आले 101 आणि 157. मध्य 129. अशा साध्या इंजिनांत तो टॉपनंतर साधारण 105 ते 115 अंशांत कुठेतरी यायला हवा. म्हणजे कॅम उशिरा होता, जवळजवळ एका दाताने.

"तरी म्हटलं," आण्णा म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. दोष सापडला होता आणि तो त्यांचा नव्हता. "खूणच चुकीच्या दातावर मारलीया. पोरी, चाक काढ."

मी चेन उतरवली, चाक पुसलं आणि मोबाइलचा दिवा लावून पाहिलं. ज्या ठिपक्यावर आण्णांनी चेन जुळवली होती तो ठिपका नव्हताच. ओतकामात राहून गेलेला एक बारीक खड्डा होता. खरी पंचाची खूण त्याच्या शेजारच्या दातावर होती, गोल, स्वच्छ, काळ्या तेलाखाली.

मी काय करावं? आण्णा पलीकडे हात पुसत होते. मी म्हणाले, "हो आण्णा. खूणच चुकीची आहे."

एवढ्या सोप्या वाक्याचा पुढे काय परिणाम होईल याचा मी विचार केला नव्हता. आण्णा म्हणाले, "उद्या जातो तालुक्याला. हे चाक त्या दुकानदाराच्या टेबलावर आपटतो. चार माणसांत ईचारतो, असला माल इकतोस का म्हणून." आण्णा असं नुसतं म्हणत नाहीत, करतात. तो दुकानदार आम्हाला दहा वर्षं उधारी देतो. पावसाळ्यात शेडला काम नसतं तेव्हा त्याची वही हीच आमची तिजोरी.

रात्री जेवताना आण्णा खुशीत होते. म्हणाले, थाळी बरी केलीस. मी कला शाखेला गेल्यापासून माझ्या हातच्या कशालाही त्यांनी बरं म्हटलं नव्हतं. घास घशाखाली उतरेना. हे एक वाक्य मिळवायला मला तीन वर्षं लागली होती, आणि आता तेच मोडायची पाळी माझ्यावर आली होती. आई मशीनवर बसली होती. पायडल अडकलं, तिने चाक लोटलं, मशीन चालू झालं. मी उठून चाक आणलं आणि आण्णांच्या पुढ्यात ठेवलं.

"आण्णा, दुकानात जाऊ नका. खूण बरोबर आहे. आपण जुळवलं ते खड्ड्यावर."

"आपण" हा शब्द मी मुद्दाम घातला होता. तो त्यांनी ऐकला, हे मला कळलं.

मशीन थांबलं. आण्णांनी चाक हातात घेतलं. दिव्याकडे धरलं नाही. डोळे मिटले आणि अंगठ्याचं नख दातांवरून हळूहळू फिरवत नेलं. एका जागी थांबले, पुढे गेले, दुसऱ्या जागी थांबले. मग पुन्हा पहिल्या.

"ह्यो वाकडा हाय," ते म्हणाले. "पंचाचा गोल असतोय. नखाला कळतंय की सरळ." जरा वेळाने म्हणाले, "डोळ्यानं बघितलं म्हणून चुकलं."

मग आईकडे न बघता म्हणाले, "दोन वरसं झाली. दिव्याभवती कडं दिसतंय."

आई काही बोलली नाही. तिला ठाऊक होतं की नव्हतं, मला आजही सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी आण्णांनीच चेन चढवली. मी दिवा धरायला गेले तर म्हणाले, ऱ्हाऊ दे. नखाने खूण शोधली, जुळवली, मग मला म्हणाले, आता वाच. मध्य आला 110च्या आसपास. पुली चढवून, खऱ्या टॉपवर क्रँक आणून, तिच्यावर कानशीने नवी खूण केली. जुनी खूण सात अंश बाजूला होती. ती कुठल्या इंजिनाचं सत्य सांगत होती कोण जाणे, आमच्या नाही.

गुरुजींची गाडी लग्नाच्या चार दिवस आधी गेली. वरातीत ती डोंगराच्या वाटेने मंदिरापर्यंत चढली असं ऐकलं. आम्हाला आमंत्रण होतं, पण त्या दिवशी माझी परीक्षा होती आणि आण्णा ट्रॅक्टरच्या खाली होते.

दिवाळीच्या सुटीत त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. काळा चष्मा सुटला त्या दिवशी ते शेडमध्ये गेले ते तासभर बाहेरच आले नाहीत. मी पाहायला गेले तर भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली थाळी उतरवून ते उजेडात धरून बसले होते.

"ही 240 आणि 250 मधली रेघ बघ," ते म्हणाले. "साफ वाकडी काढलीयास."

मी पाहिलं. खरंच वाकडी होती.

"बरं झालं," आण्णा म्हणाले, "आपल्याला तिथवर जायचं न्हवतं."